जुईनं तोंड का मिटलं

राउंड चालू होता. डॉक्टर मॅडमनी केस पेपरवर "राइल्स ट्यूब टाका, फीड सुरू करा" असं लिहिलं आणि पेन खिशाला लावलं. कॉटवर जुई दात घट्ट मिटून, मान भिंतीकडे वळवून पडली होती. उशाशी तिचे आजोबा उभे होते, हातात अर्धं सोललेलं केळं. सकाळपासून ते त्या केळ्यासह तिच्या तोंडाभोवती घिरट्या घालत होते.

"टाका बाई, टाकाच तुम्ही," ते मला म्हणाले. "पोरगी हट्टानं मरून जाईन."

राइल्स ट्यूब म्हणजे नाकातून थेट पोटात जाणारी बारीक नळी. ज्याला तोंडानं खाता येत नाही त्याला त्यातून दूध, पेज, औषध देतात. ही नळी मी आजवर इतक्या मुलांना घातली आहे की डोळे मिटूनही घालता येईल. घालू नये, एवढंच. पण त्या सकाळी मी ट्रेमध्ये नळी काढून ठेवली आणि ट्रे उचललाच नाही.

मी नसीम. जळगावातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. मूळची धुळ्याची. अब्बा लूमवर कामाला होते. लूमच्या खडखडाटात लहानाची मोठी झाल्यामुळे माझा आवाज जरा वरच्या पट्टीतला आहे. वॉर्डातली मुलं पहिल्या दिवशी मला घाबरतात, दुसऱ्या दिवशी माझी नक्कल करतात. जुई यातलं काहीच करू शकत नव्हती, पण माझा आवाज ऐकला की डोळे माझ्याकडे फिरवायची.

जुई सहा वर्षांची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे हातपाय ताठ, मान डगमगती, बोलणं नाही. अधूनमधून झटके यायचे, त्याचं औषध चालू होतं. समज मात्र चांगली. आई आली की आधी पावलांच्या आवाजाला हसायची, मग चेहऱ्याला. घास भरवायला कुणीतरी लागायचं. नको असलेला घास ढकलायला हात नाही, "नको" म्हणायला शब्द नाही. एक तोंड तेवढं मिटता यायचं. नळी घातली की तेही गेलं. शिवाय नळी ओढू नये म्हणून आम्ही अशा मुलांचे हात कॉटच्या कडांना मऊ पट्टीनं बांधतो. पट्टी मऊ असते, पण बांधणं ते बांधणंच.

आजोबांना सगळे आबा म्हणत. रावेरकडच्या एका गावात त्यांची केळीची बाग. जुईचे आईवडील राहायचे दीपनगरला, वडील वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला. दोन-अडीच महिन्यांपूर्वी जुईच्या आईची, ज्योतीची, आई चाळीसगावला आजारी पडली. तिच्या उशापायथ्याशी बसणारं दुसरं कुणी नव्हतं. ज्योतीनं जुईला सासरी गावी ठेवलं. आबांनी आनंदानं जबाबदारी घेतली. बायको गेल्यापासून त्यांना हाताशी कुणीतरी हवंच होतं. रोज नातीला अंगणात उन्हाला बसवायचे, अंगाला तेल चोळायचे, भरवायचे. आणि केळीवाल्याच्या घरात लेकराला काय भरवतात हे काय सांगायला हवं? घड उतरला की वरची चांगली फणी जुईच्या नावाची. व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये जाणारी नव्हे, घरात पेंढ्यात पिकवलेली. झटक्यांची गोळीसुद्धा केळ्यात लपवून द्यायचे.

जुई वाळत गेली. उलट्या, मलूलपणा, पोट टम्म. मध्येच घामानं डबडबून गळून जायची. आबांनी गावच्या डॉक्टरला दाखवलं, मग भुसावळला, मग आमच्याकडे. आमच्याकडे आली तेव्हा लिव्हरला सूज होती, डोळ्यांत पिवळटपणा होता, आणि वजनाचा काटा बघून मी दुसऱ्यांदा वजन केलं, काटाच बिघडला असेल म्हणून.

मॅडमनी जे केलं ते कुणीही केलं असतं. ग्लुकोजचं सलाईन लावलं, तपासण्या पाठवल्या. मूल कुपोषित, अंगात साठा नाही, म्हणून रक्तातली शुगर उतरते, असा हिशोब. सलाईनवर जुई तरतरीत झाली. मग वॉर्डातलं नेहमीचं फीड सुरू केलं. कुपोषित मुलासाठी आमच्या किचनमधून वाटी येते: दूध, साखर, थोडं तेल, त्यात कुस्करलेलं केळं. कमी घासात जास्त ताकद. वर्षानुवर्षं ती वाटी खाऊन मुलं बाळसं धरून घरी गेलेली मी पाहिली आहेत.

जुईनं त्या वाटीला दात मिटले. महत्प्रयासानं चार चमचे गेले की तासाभरात ती पांढरीफटक. ग्लुकोमीटर, म्हणजे बोटातून थेंबभर रक्त घेऊन शुगर मोजायचं यंत्र, लावलं की आकडा खाली. पुन्हा ग्लुकोज, पुन्हा जिवात जीव. आणि शुगर उतरते म्हणून वाटीत आणखी एक चमचा साखर. आम्हाला यात काही विचित्र दिसलं नाही. अशक्त लेकरू आहे, व्हायचंच. सेरेब्रल पाल्सीची मुलं खाताना त्रास देतातच. ठसका लागतो, गिळता येत नाही, जीभ घास बाहेर ढकलते. त्या आजाराचं नाव एकदा केस पेपरवर लागलं की मुलाची प्रत्येक तक्रार त्याच खात्यावर टाकली जाते.

ट्यूबची ऑर्डर झाली त्याच सकाळी ज्योती चाळीसगावहून पोचली. पिशवी खांद्यावरच ठेवून ती पोरीवर वाकली. मग तिनं कॉटवरची वाटी उचलली, वास घेतला आणि मला म्हणाली, "सिस्टर, तिला गोड चालत नाही. मी देतच नाही कधी. दूध-भाकरी, वरण-भात खाते ती."

"गोड कोनाले आवडत नही?" आबा म्हणाले. "लाडावून ठेवली तू तिले."

ज्योती गप्प बसली. ती गप्प बसणाऱ्यांतली आहे हे मला तिथंच कळलं, आणि अशा बायकांचं बोलणं वॉर्डात कुणी लिहून घेत नाही हेही मला माहीत आहे. मी ट्रे तिथंच ठेवला आणि मॅडमच्या मागे टेबलापर्यंत गेले.

डॉक्टर चौधरी मॅडम माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत. हुशार आहेत, तापट नाहीत, आणि नर्सचं ऐकून घेतात. तरी ऑर्डर लिहून झाल्यावर नर्सनं हरकत घेतलेली कुठल्या डॉक्टरला आवडते?

"मॅडम, मला उद्याच्या राउंडपर्यंत वेळ द्या."

"सिस्टर, वजन बघितलंत ना?"

"मीच केलंय."

"मग? पोटात काही गेलं नाही तर परवा तुम्हीच मला घाबरून फोन कराल."

"करेन. पण ती अन्नाला नाही म्हणत नाहीये मॅडम. आपल्या वाटीला म्हणतेय. आईच्या हातची दूध-भाकरी देऊन बघू. ती घेतली तर हात कशाला बांधायचे?"

"आपल्या वाटीत वाईट काय आहे?"

"मला नाही माहीत. तिला माहीत असेल."

मॅडमनी पुन्हा केस पेपर उघडला. त्यांची बाजू चुकीची नव्हती. लेकरू उपाशी राहिलं तर जाब त्यांना द्यायचा होता, मला नाही. नर्सिंगमध्ये शिकवतात की पेशंटचं भलं बघा आणि पेशंटची इच्छाही बघा. ही दोन्ही एकाच दिशेनं चालली तर नोकरी सोपी असते. चालत नाहीत तेव्हा आपण भल्याचं नाव घेतो आणि इच्छा गुंडाळून ठेवतो, विशेषतः जिला बोलता येत नाही तिची. मोठा माणूस "नळी नको" म्हणाला तर आम्ही त्याच्याशी तासभर बोलतो, समजावतो, लिहून घेतो. जुईनं तीच गोष्ट दात मिटून सांगितली तर ती हट्टी.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "उद्या राउंडपर्यंत. सलाईन चालू राहील, शुगर वारंवार तपासायची. एकदा जरी उतरली तरी नळी."

ज्योतीनं हॉस्पिटलजवळ राहणाऱ्या ओळखीच्या बाईकडे जाऊन कळण्याची भाकरी करून आणली. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. आमच्या खानदेशात आजारी माणसापासून पैलवानापर्यंत सगळ्यांना चालतं. तिनं ती भाकरी दुधात कुस्करून अगदी लोण्यासारखी केली, चिमूटभर मीठ घातलं, जुईला मांडीत उभट धरलं. पहिला घास ओठांजवळ नेला. जुईनं वास घेतला, आणि तोंड उघडलं.

हळूहळू सगळं खाल्लं. अर्धं बाहेर सांडलं, तशा मुलांचं सांडतंच. पण ती घासासाठी मान पुढे करत होती. मी उगाच शेजारच्या कॉटवरच्या बाईला गादीवर डबा ठेवल्याबद्दल ओरडले.

शुगर उतरली नाही. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. फक्त एकदा गोंधळ झाला. झटक्यांच्या औषधाची वेळ झाली. आमच्याकडे ते गुलाबी पातळ औषध असतं, मुलांना आवडावं म्हणून गोड केलेलं. चमचा जवळ नेताच दुधाला उघडलेलं तोंड कुलूप लागल्यासारखं बंद झालं. औषध चुकवून चालणार नव्हतं, म्हणून मी त्या वेळेपुरती त्याच औषधाची गोळी मॅडमना विचारून, पूड करून दुधात दिली. प्यायली.

दुसऱ्या दिवशी राउंडच्या आधी मी तिचं तोंड स्वच्छ करत होते. ओल्या कापसानं दात पुसायचे, जीभ पुसायची, रोजचंच काम. ते करता करता मॅडम आल्या, तर मी बोलता बोलता म्हणाले, "खायला त्रास देते, पण दात बघा पोरीचे. आख्ख्या वॉर्डात असे दात नाहीत. एक कीड नाही."

मॅडम आकडे बघत होत्या. त्या थांबल्या. "काय म्हणालात?"

"दात म्हणाले. कीड नाही."

त्यांनी टॉर्च काढला, जुईच्या तोंडात बघितलं, मग ज्योतीला स्टुलावर बसवलं आणि प्रश्न विचारायला लागल्या. गोड कधीपासून देत नाही? पहिल्यांदा दिलं तेव्हा काय झालं? फळं? मध? गूळ?

ज्योतीनं सांगितलं ते असं. जुईच्या उष्टावणाला, म्हणजे बाळाला पहिला घास भरवतात त्या दिवशी, मामानं चांदीच्या वाटीतून खीर चाटवली होती. तासाभरात बाळानं सगळं बाहेर काढलं, घामानं भिजलं आणि मान टाकली. बायका म्हणाल्या, दृष्ट लागली. मीठ-मोहरी उतरवून टाकली. पुढे दोन-तीनदा असंच झालं, आणि दर वेळी त्या दिवशी काहीतरी गोड दिलेलं असायचं. "मग मी द्यायचंच सोडलं," ज्योती म्हणाली. "सगळे म्हणायचे, आईच पोरीला सणावाराला कोरडी ठेवते. डॉक्टरांना काय सांगणार? गोड चालत नाही, हा काय आजार आहे?"

"आहे," मॅडम म्हणाल्या. "क्वचित असतो. मीही फक्त पुस्तकात वाचलाय."

मग त्यांनी आपल्या मोठ्या शहरातल्या सरांना फोन लावला आणि बराच वेळ बोलत राहिल्या.

सोप्या भाषेत सांगते. आपली साखर दोन गोष्टींच्या जोडीतून बनते. एक ग्लुकोज, दुसरं फ्रुक्टोज. फळांत, मधात, गुळात, उसात हे फ्रुक्टोज असतं. ते पुढे पचवायला आपल्या लिव्हरमध्ये एक रस तयार होतो. काही मुलांना तो जन्मतः नसतो. मग फ्रुक्टोज लिव्हरमध्ये अडकतं, लिव्हर सुजतं आणि रक्तात ग्लुकोज सोडायचंच थांबवतं. म्हणून साखर खाल्ली की रक्तातली शुगर उतरते. अशी मुलं मोठी होताना आपोआप गोडापासून लांब राहतात. गोड खात नाहीत म्हणून दात किडत नाहीत. चालतं-बोलतं मूल असतं तर त्यानं पेढा थुंकून टाकला असता, अंगणात पळून गेलं असतं, आणि घरानं "याला गोड आवडत नाही" म्हणून सोडून दिलं असतं. जुईला पळता येत नव्हतं.

हा आजार आणि सेरेब्रल पाल्सी यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. एकानं दुसऱ्याला झाकून ठेवलं होतं इतकंच.

जीनच्या तपासणीसाठी रक्त बाहेर पाठवलं. त्याला आठवडे लागतात. पण उपचाराला थांबायचं नव्हतं. उपचार म्हणजे तरी काय? द्यायचं नाही. फळ नाही, साखर नाही, गूळ नाही, गोड औषध नाही. तिच्या कॉटवर मी जाड पेनानं पाटी लावली. नळीचा ट्रे परत कपाटात गेला. थोड्याच दिवसांत डोळे स्वच्छ झाले, पोट उतरलं, आणि एका सकाळी माझ्या ओरडण्यावर जुई खदखदून हसली. तिच्या हसण्याला आवाज आहे हे आम्हाला तेव्हा कळलं.

आता खरी अवघड गोष्ट उरली होती. आबा.

आबांना एवढंच सांगितलं होतं की लिव्हर नाजूक आहे, काही दिवस पथ्य. ते दीपनगर-गाव-जळगाव अशा फेऱ्या मारत होते, आणि येताना दर वेळी पिशवीत फणी असायची. मी ती वॉर्डातल्या इतर मुलांना वाटून टाकायची. एकदा ज्योती मला औषधांच्या खोलीपाशी गाठून म्हणाली, "सिस्टर, आबांना केळ्याचं सांगू नका. त्यांच्या हातानं रोज भरवलंय. खचतील. दुसरं काही सांगा. पोटात जंत होते म्हणा."

मला ते पटण्यासारखं वाटलं. खोटं बोलायला माझं मन धजत नाही, पण त्या म्हाताऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि वाटलं, जंत तर जंत. कुणाचं काय जातं? मग मी विचार केला की उद्या जुई आईसह गावी जाईल, ज्योती शेतात नाहीतर मोरीत असेल, आणि आबा म्हणतील, जंताचं औषध तर झालं, आता अर्धं केळं खाईना का बिचारी. अर्धंच. आणि जुई दात मिटेल. आणि आबा प्रेमानं, अगदी प्रेमानं, तिचा जबडा दोन बोटांनी उघडतील.

मी मॅडमशी बोलले. त्यांनी बरोबर ती गोष्ट दोन भागांत तोडली. म्हणाल्या, केळ्याचं सांगावंच लागेल, कारण तो जुईच्या जिवाचा प्रश्न आहे. जो जो तिला भरवतो त्याला हे कळलंच पाहिजे. पण आजार घराण्यातून आलाय, कुणाकडून आलाय, हा भाग ज्योतीचा आणि तिच्या नवऱ्याचा आहे. ते त्यांच्या परवानगीशिवाय आपण कुणापुढे उच्चारायचं नाही, आजोबांपुढेही नाही. ज्योतीला मी हे समजावलं. ती पदराचं टोक पिळत म्हणाली, "केळ्याचं तुम्ही सांगा. मी तिथं असेन."

वॉर्डाच्या मागच्या पायऱ्यांवर आम्ही तिघं बसलो. मी आडवळण घेतलं नाही. आबांना अहिराणी नको आणि पुस्तकी मराठी नको. ते रावेरकडचे, आम्ही धुळ्याकडचे, मी "आहे"ला "शे" म्हणते, त्याला ते हसतात. मी सरळ सांगितलं. आबा, जुईचं अंग फळातली साखर पचवू शकत नाही. जन्मापासून. केळं तिला त्रास देतं. ती केळ्याला तोंड मिटते ते हट्टानं नाही. तिला कळत होतं.

आबांनी खाली बघितलं. पिशवी पायाशी होती. तिच्यातली फणी वर डोकावत होती. त्यांनी पिशवीचं तोंड दुमडून बंद केलं.

"म्हनजे मी तिले जहर चारू ऱ्हायलो व्हतो," ते म्हणाले.

"आबा, आमच्या किचननंही तेच दिलं. डॉक्टरांनी लिहून दिलं, मी भरवलं. कुणालाच माहीत नव्हतं."

"तुम्ही चार दिवस. मी दोन महिने." मग माझ्याकडे न बघता: "मले वाटे, पोरीले मीच आवडत नही. माह्याकडे पाहे अन् तोंड फिरवे. मी तं मनात म्हने, नातीले आपला राग काहाचा? म्हनून आनखी चांगलं केयं शोधू शोधू आनो."

मी गेली कितीतरी वर्षं या नोकरीत आहे, माणसं रडताना पाहण्याची सवय आहे. आबा रडले नाहीत. ते जे बोलले त्यानं मात्र मला आतून हलवलं. दोन महिने हा माणूस नातीच्या मिटलेल्या तोंडाला स्वतःबद्दलचा नकार समजत होता, आणि तिची समजूत घालायला तीच वस्तू घेऊन पुन्हा पुन्हा जात होता.

"हे आलं कुठून?" आबांनी विचारलं. "आमच्या घरात असं कोनाले नही."

मी ज्योतीकडे बघितलं. हा माझा भाग नव्हता. ज्योतीनं पदर सोडला. ही मुलगी सासऱ्यापुढे एवढं बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

"आबा, डॉक्टर म्हणतात दोघांकडून आलं. अर्धं माझ्याकडून, अर्धं तुमच्या मुलाकडून. एकाचंच असतं तर काही झालं नसतं. आम्हा दोघांना काही होत नाही ना? पण जुईला दोन्हीकडचं बिघडलेलंच आलं. यात दोष कुणाचा नाही."

आबांनी दोन बोटं वर केली. मग म्हणाले, "विहिरीवर दोन मोटरी असल्या अन् एक जयाली, तं दुसरी पानी देते. तुमचं दोघायचं एकेकीवर चालू हाये. पोरीच्या वाट्याले दोन्ही जयालेल्या आल्या. असंच ना?"

"असंच," मी म्हणाले. जळालेल्या मोटरीइतकं चांगलं उदाहरण नर्सिंगच्या वर्गात कुणी दिलं नव्हतं. मी ते तेव्हापासून वापरते.

"मंग माह्या पोराले ती जयालेली मोटर मीच देली असन. नही तं त्याच्या मायनं."

"असेल," ज्योती म्हणाली. "आणि मला माझ्या आईनं दिली असेल, किंवा वडिलांनी. आता कुणाकुणाशी भांडायचं, आबा?"

आबा उठले, पिशवी घेतली आणि फाटकाबाहेर गेले. परत आले तेव्हा पिशवी रिकामी होती. त्यानंतर ते जुईच्या कॉटपासून लांब, दाराशी बसायला लागले. तेल चोळायला सांगितलं तर म्हणायचे, "नको, तुम्हीच करा. माह्या हाताचं आता नको तिले." ज्योती म्हणाली, बोलायला नको होतं सिस्टर. खरं सांगितलं की मोकळं होतं असं म्हणतात. ज्याला सांगितलं तो कुठं मोकळा होतो?

पण डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मी माझा वरच्या पट्टीतला आवाज काढला. ज्योतीच्या हातातून दूध-भाकरीची वाटी घेतली आणि दाराशी बसलेल्या आबांपुढे नेऊन धरली. म्हटलं, घरी नेऊन कोण भरवणार हिला? आई एकटी दिवसभर? जो भरवणार त्याला मी स्वतः शिकवल्याशिवाय घरी सोडत नाही. वॉर्डाचा नियम आहे. असा नियम नाही. मी तिथंच केला.

आबा नको नको म्हणत उठले. मी त्यांना शिकवलं. मांडीत असं धरायचं, मान अशी, हनुवटी खाली, चमचा समोरून आणायचा, वरून नाही. घास गिळला का बघायचं, मगच दुसरा. आबांच्या हाताला केळीच्या चिकाचे काळे डाग होते, ते कितीही धुतले तरी जात नाहीत.

जुईनं त्यांना बघितलं आणि मान फिरवली. सवयीनं. आबांनी चमचा खाली ठेवला.

"थांबा," मी म्हणाले. "तिला आधी वास घेऊ द्या. काय आहे ते तिला सांगा."

"दूध-भाकर हाये, माय," आबा म्हणाले. "केयं नही. आता कधीच नही."

त्यांनी चमचा तिच्या नाकाजवळ धरला. जुईच्या नाकपुड्या हलल्या. मग मान परत फिरली, नजर चमच्यावरून त्यांच्या चेहऱ्यावर गेली, आणि तोंड उघडलं. आजोबांच्या हातचा घास तिनं पहिल्यांदाच आपल्या मर्जीनं घेतला.

त्या वेळी मात्र आबा रडले. वाटीत पाणी पडेल म्हणून मी वाटी धरली.

रिपोर्ट नंतर आला, मॅडमचा अंदाज बरोबर ठरला. जुई आता दर तीन महिन्यांनी तपासणीला येते. चालत नाही, बोलत नाही, ते तसंच आहे आणि राहील. पण गाल भरलेत, आणि झटके कमी झालेत. तिच्यासोबत बहुतेक वेळा आबाच असतात. ज्योती सांगते, गावात कुणी प्रसाद पुढे केला की आबा हात आडवा घालतात. मागच्या वेळी मी त्यांना विचारलं, लोक नाराज होत नाहीत का? ते म्हणाले, "देव समजून घेते. बायाच घेत नही." खालच्या मेडिकलवाल्याला तर त्यांनी जेरीला आणलंय. प्रत्येक बाटलीवर "याच्यात साखर किती?" वॉर्डासाठी अजून फणी आणतात, पण ती दाराबाहेर, माझ्या हातात देतात. जुईच्या कॉटच्या बाजूनं नेत नाहीत.

आमच्याकडे मुलानं खाल्लं नाही तर केस पेपरवर लिहायची पद्धत आहे: "फीड रिफ्यूज्ड." दोन शब्द, खाली सही, वेळ. त्याच्यापुढे "का" लिहायला रकाना नाही. जुई घरी गेल्यापासून मी माझ्या नर्सना सांगून ठेवलंय की रकाना नसला तरी समासात लिहा, काय दिलं होतं ते. मुलाला विचारा, उत्तर न आलं तरी. थोडी जागा लागते, थोडा वेळ लागतो. नळी घालायला याहून जास्त लागतो.